महाराणीचा झगा

४ फेब्रुवारी, मंगळवार

कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी चोवीस वर्षं सहाय्यक आहे. मुलांनी अर्धवट टाकलेल्या प्रयोगवह्या दरवर्षी रद्दीत जातात, त्यातलीच ही एक. पहिल्या चार पानांवर कुणीतरी लंबकाचा प्रयोग लिहून सोडून दिलाय. उत्तरही चुकलंय. पाचव्या पानापासून वही माझी.

आज महाराणी सुरू झाली! पंखा फिरला, तापमानाचा काटा साठावर जाऊन थांबला आणि मी व्हरांड्यात एकटीच टाळ्या वाजवल्या.

महाराणी म्हणजे कॉलेजच्या कँटीनचा मेलेला फ्रीज. दुरुस्तीवाल्याच्या दुकानामागे असल्या फ्रिजांचा ढीग पडलाय. पत्रा शाबूत, दार घट्ट. आतली ऊब आत ठेवायला याहून चांगली पेटी शोधून सापडणार नाही. त्याने आतला कोथळा काढला. मी त्यात जुना हीटर आणि तापमान राखणारी कळ बसवली, खाली पंखा लावला आणि माथ्यावर दमट हवा बाहेर जायला ताटलीएवढं भोक पाडून घेतलं. दुरुस्तीवाला म्हणाला, "मॅडम, जन्मभर लोक माझ्याकडे फ्रीज थंड होत नाही म्हणून आले. गरम करून द्या म्हणणाऱ्या तुम्हीच पहिल्या."

हा खटाटोप अननसासाठी. आमच्या डोंगरउतारावर सगळा अननस एकदम पिकतो, निम्मा जागेवर कुजतो आणि महिनाभर रस्त्याला आंबूस वास येतो. बंदरावरच्या एका खाऊच्या कंपनीला सुकवलेल्या चकत्या हव्या आहेत. सुकवायचं तयार यंत्र परदेशातून येतं आणि बिघडलं की त्याचा सुटा भाग यायला सहा महिने लागतात. मेलेले फ्रीज मात्र आपल्याकडे हवे तेवढे. नमुना पास झाला तर बायकांच्या गटातल्या अठरा घरांत अशा अठरा महाराण्या बसतील.

खरं कारण मात्र धाकटी जाऊ. दीर जहाजावर असतात, वर्षातून महिनाभर येतात. धाकटीने बंदरावरच्या पॅकिंगच्या कारखान्याचा फॉर्म भरलाय, एकतीस मार्चला हजर व्हायचंय. जायची इच्छा नाही, पण हातावर हात धरून किती दिवस बसणार? हे जमलं तर अठरा घरांचं काम तीच सांभाळेल. नाही जमलं तर बॅग भरेल. ती गेली तर या घरात माझ्याशी भांडायलासुद्धा कोणी उरणार नाही.

सासूबाईंचं वेगळंच. शहात्तराव्या वर्षीही हातातली क्रोशाची सुई सुटत नाही. टीव्हीला कव्हर, मिक्सरला कव्हर, फोनला कव्हर, कव्हरांच्या पेटीलाही कव्हर. आमच्या घरात उघडं म्हणाल तर फक्त आम्ही माणसं. आज बघते तर दोरी घेऊन महाराणीची मापं चाललेली.

"आई, हिला झगा घालायचा नाही हं! हिला श्वास घ्यायचा असतो."

"अगं, समोर रस्ता खणून ठेवलाय. केवढी धूळ येते. अन्न आहे ते."

"हे शास्त्र आहे आई. इथे तुमची सुई नको."

त्यांनी दोरी गुंडाळली. मला जरा वाईट वाटलं, पण वेळीच सांगितलेलं बरं.

५ फेब्रुवारी, बुधवार

पहिला घाणा! सकाळी साडेसातला सहा जाळ्या भरल्या. अननस कापून धाकटीची बोटं चुरचुरत होती, तरी मोजपट्टी लावून सारख्या जाडीच्या चकत्या करत होती. मी साडेनऊला कॉलेजला गेले, पण लक्ष सगळं घरी. मुलांना भिंगाऐवजी आरसे काढून दिले. आमचे प्राध्यापक सर म्हणाले, "आज स्वारी कुठे आहे?"

साडेपाचला दार उघडलं आणि काय सांगू! खणखणीत सुकलेल्या. एकीवर एक आपटली तर आवाज येतो. वजन करून पाहिलं, जेवढं पाणी जायला हवं तेवढं गेलं. यंत्र नवं, मी नवखी, आणि पहिल्याच फटक्यात! धाकटी म्हणाली, "ताई, तुम्ही नाचताय." नाचत होते खरी.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

कालचा आणि आजचा घाणाही उत्तम. आई निळ्या दोऱ्याचं मोठं काहीतरी विणतायत. कुणाच्या तरी बाळाचं पांघरूण असेल. आमच्या यशाचं त्यांना काहीच नाही. सुकलेली चकती हातावर ठेवली, तर उलटसुलट करून म्हणाल्या, "फार घाईत झालीय." घाईत! म्हणजे चांगलं झालं तरी खोडी आहेच.

११ फेब्रुवारी, मंगळवार

काहीतरी बिनसलंय. कालचा घाणा साडेपाचला ओलाच होता, पुढे दोन तास लागले. आजही तेच. तापमान तेच, जाडी तीच, पंखा गरगर फिरतोय. दुरुस्तीवाल्याने येऊन कळ तपासली, ठणठणीत आहे म्हणाला.

जाळ्या भरून झाल्या की धाकटी अननस गोळा करायला डोंगरावर जाते, ती संध्याकाळीच परतते. आई हल्ली दिवसभर व्हरांड्यात महाराणीशेजारी खुर्ची टाकून बसतात, असं शेजारीण म्हणाली. गुडघ्यांना ऊब मिळत असणार. मी फाटक उघडलं की "चहा ठेवते" म्हणत लगबगीने आत जातात. आज पोटाशी ते निळं विणकाम धरलेलं होतं. या वयात एवढी चपळाई पाहून बरं वाटतं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज पुन्हा झकास! साडेपाचच्या आधीच खणखणीत. मग सोमवारी-मंगळवारी काय माशी शिंकली होती?

बुधवारी आमच्याकडे नळाला जोर असतो, म्हणून आईंचा कव्हरं धुवायचा वार. आज दोरीवर सगळं खानदान वाळत होतं: टीव्हीचं, मिक्सरचं, फोनचं आणि एक भलंमोठं निळं, बहुधा पाण्याच्या पिंपाचं. त्याखालून वाकून यावं लागलं, पण मन एवढं खूश होतं की मी कुरकुरले नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

गुरुवार, शुक्रवार, शनिवार: तिन्ही दिवस रडतखडत. मी तक्ता केला. रविवारी महाराणीला सुट्टी. बाकी या आठवड्यात बुधवार सोडला तर प्रत्येक घाण्याला दोन तास जास्त. बुधवारच का? यांना दाखवलं तर म्हणाले, "बुधवार पावतो तुला. नवस बोल."

पण मला सापडलंय! बुधवारी बाजारपेठ बंद असते. दुकानं बंद म्हणजे विजेवर ताण कमी, म्हणजे दाब चांगला. किती साधी गोष्ट! सरांना सांगितलं, तेही म्हणाले, शक्यता आहे. आनंदाने मला जेवण गेलं नाही.

चोवीस वर्षं मी जे प्रयोग मांडले, त्यांची उत्तरं पुस्तकाच्या शेवटी छापलेली असायची. मुलांनी काय मोजलं याला अर्थ नव्हता, उत्तर जुळलं की झालं. उत्तर कोणालाच माहीत नाही असा हा माझा पहिला प्रयोग. त्याचंच एवढं वारं शिरलंय अंगात.

१९ फेब्रुवारी, बुधवार

प्रयोगशाळेतला व्होल्टमीटर घरी आणून दोन दिवस विजेच्या दाबाच्या नोंदी घेतल्या. काल दोनशे अठरा, आज दोनशे अठरा. माझा सिद्धांत आडवा. तरी घाणा मात्र आज लवकर सुकला. म्हणजे बुधवार आहेच, फक्त कारण नाही.

आणखी एक निरीक्षण: व्हरांड्यात कुठेही बोट फिरवलं तर धुळीत नाव लिहिता येईल, पण महाराणीच्या माथ्यावर कण नाही. वर जाणारी गरम हवा धूळ बसू देत नसणार.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

कंपनीला नमुना गेला. बुधवारचे तिन्ही घाणे पाठवले, सगळ्यात कोरडे तेच. पहिल्या आठवड्यातले उरलेले दोन गटातल्या बायकांनी चाखूनच संपवले होते. बाकीच्यांचं काय करायचं, असं आईंनी विचारलं. म्हटलं, "द्या कोणाला तरी." त्यांनी ते काचेच्या बरण्यांत भरून स्वयंपाकघराच्या फडताळात ठेवले, प्रत्येकीवर तारखेची चिठ्ठी लावून. वर झाकणांना टोप्या, त्याही विणलेल्या. मला हसू आलं.

आता वाट पाहायची. धाकटी दिवसातून दहादा विचारते, "ताई, होईल ना?" मी म्हणते, "होणार म्हणजे होणारच." एवढ्या खात्रीने मी आयुष्यात काही बोलले नव्हते.

२६ फेब्रुवारी, बुधवार

बुधवार पुन्हा पावला.

१४ मार्च, शुक्रवार

नापास.

कंपनीचं पत्र आणि परत आलेलं पाकीट. पत्रात दोनच ओळी: बाहेरून कोरडे, आतून ओले, तीन आठवड्यांत बुरशी. मी चकती मोडून पाहिली. वरचं कातडं टणक आणि आतला गर ओलसर. कडेने पांढरी मऊ लव.

शेजारणी आल्या होत्या, त्यांना चहा दिला. त्या गेल्यावर धाकटी उठली आणि पलंगाखालची बॅग बाहेर काढून फडक्याने पुसायला लागली. रडली असती तर बरं झालं असतं. आई म्हणाल्या, "अगं थोरले, फडताळातल्या बरण्या बघ तरी एकदा. मला वाटतं..."

मी त्यांना वाक्य पूर्ण करू दिलं नाही. "जे कोरडे होते त्यांना बुरशी आली, तर ओल्यांचं काय झालं असेल आई? तुम्हाला काय कळतं यातलं? तुम्ही आपल्या टोप्या विणा."

त्या आत गेल्या. धाकटीने बॅग पुसायची थांबवली आणि माझ्याकडे नुसतं बघितलं.

१५ मार्च, शनिवार

बोलायला नको होतं. पण शब्द तोंडातून सुटले की सुटले. व्हरांड्यात आईंची खुर्ची नाही. मी महाराणीचा प्लग काढून ठेवला.

खोटं कशाला लिहू, मला माझीच लाज वाटते. प्रयोगशाळेत काचा पुसणारी बाई, शास्त्रज्ञ व्हायला निघाली होती.

१८ मार्च, मंगळवार

कंपनीच्या तपासनीस बाईंचा फोन आला. गुरुवारी या रस्त्याने जाणार आहेत, यंत्र पाहायला थांबतील. "मोडक्या फ्रीजमध्ये केलंत हे? मला बघायचंच आहे," म्हणाल्या. आवाजात कुचेष्टा नव्हती.

दाखवू काय? पाकिटातला बुरशी आलेला अननस? तरी मी प्लग पुन्हा लावला आणि दार पुसलं. चकचकीत दिसते अजून.

२० मार्च, गुरुवार

आजचं आजच लिहिणार. संध्याकाळचे साडेसहा झालेत, सगळे व्हरांड्यात एकदम बोलतायत आणि मी खिडकीत बसून लिहितेय.

तपासनीस बाई अकराला आल्या. वयाने माझ्याएवढ्याच, पायात मळलेले बूट. महाराणीत डोकं घालून सगळं पाहिलं आणि म्हणाल्या, "काम छान आहे. चूकही छान आहे. सगळे पहिल्यांदा हीच करतात. फार पटकन सुकवलंत. वरचं आधी सुकून त्याचं कातडं बनतं, मग आतलं पाणी बाहेर यायला वाटच राहत नाही. आधी हवा थोडी दमट ठेवून सावकाश सुकवावं लागतं."

मला जमीन दुभंगावी असं झालं. म्हणजे मी ज्या बुधवारच्या पाया पडत होते, तोच घातकी!

एवढ्यात आई आतून ट्रे घेऊन आल्या. मला वाटलं चहा. ट्रेमध्ये बरण्या होत्या, टोप्यांसकट. माझ्याकडे न बघता बाईंना म्हणाल्या, "हे पण एकदा बघा. सूनबाईने कोणाला तरी देऊन टाकायला सांगितलं होतं, पण माझा जीव झाला नाही."

बाईंनी चकती मोडली, वास घेतला, मग दुसरी खाल्ली. पिशवीतून ओलावा मोजायचं यंत्र काढलं. एक बरणी, दुसरी, तिसरी. पाचव्या बरणीला त्या खुर्चीवरून उठल्याच. "यातली एकही नापास नाही. महिना झालाय ना याला? बुरशीचा ठिपका नाही. हे काय वेगळं केलंत?"

मी चिठ्ठ्या पाहिल्या. दहा, अकरा, तेरा, चौदा. बुधवार एकही नाही. सगळे माझे रडके, आळशी, टाकाऊ घाणे.

"काहीच नाही केलं," मी म्हणाले. "तेच यंत्र, तेच तापमान. फक्त त्या दिवशी हळू सुकायचं. का, ते मला दीड महिन्यात कळलेलं नाही."

"मग कळून घ्या. कारण कळल्याशिवाय मी अठरा यंत्रं कशी बसवू?"

धाकटी माझ्याकडे बघतेय, मी महाराणीकडे. तेव्हा आई उठल्या. आत गेल्या, ट्रंक उघडल्याचा आवाज झाला. परत आल्या तेव्हा हातात ते निळं होतं. पिंपाचं कव्हर नव्हतंच ते. त्यांनी ते झटकलं आणि महाराणीच्या माथ्यावर घातलं. चारही कोपरे बरोबर बसले. मी पाडून घेतलेल्या भोकावर निळी जाळी आली.

"तू गेलीस की घालत होते," त्या म्हणाल्या. "यायच्या आधी काढायचे. तू नको म्हणाली होतीस ना. पण समोर सगळी खडी उडते गं. आपल्या नावाने लोकांच्या पोटात जाणारी वस्तू. आणि हिचं..." धाकटीकडे हात केला, "हिचं जाणं-राहणं त्यावर. एक खडा सापडला असता तर? म्हणून बसून राहायचे, वाऱ्याने सरकू नये म्हणून. बुधवारी मात्र धुवायला काढावं लागायचं. मळकं कसं घालणार?"

तपासनीस बाई आधी हसू दाबत होत्या, मग त्यांनी कव्हर हातात घेऊन उजेडासमोर धरलं आणि गंभीर झाल्या. "हवा बाहेर जातेय, पण सावकाश. दमटपणा आत टिकतोय आणि धूळही अडतेय. आजी, हे तुम्ही मोजून केलंत?"

"मोजल्याशिवाय कधी विणतात का?" आई म्हणाल्या.

अट एकच: आता हे जाणूनबुजून करून दाखवायचं. पाच घाणे, सगळे एकसारखे. ओलाव्याचं यंत्र बाई आमच्याकडे ठेवून गेल्या. एकतीस तारखेच्या आत! बाहेर दुरुस्तीवाला आलाय, धाकटी त्याला चौथ्यांदा सगळी हकिकत सांगतेय आणि दर खेपेला आईंचा आवाज काढतेय. आई लाजून हसतायत.

२१ मार्च, शुक्रवार

सकाळी आईंच्या खोलीत गेले. म्हटलं, "आई, त्या दिवशी मी फार वाईट बोलले. चुकलं माझं." त्या दोरा सोडवत होत्या. म्हणाल्या, "टोप्या विणायला सांगितलंस, त्याप्रमाणे विणल्या. आता खुर्ची बाहेर नेऊन दे, गुडघे दुखतात." नेऊन दिली. उशीसुद्धा ठेवली.

२४ मार्च, सोमवार

चार घाणे झाले, चारही पास! मुद्दाम वेगवेगळ्या झाडांवरचा, कमीजास्त पिकलेला अननस घेतला, तरी ओलाव्याचा आकडा दीड-दोन टक्क्यांच्या पलीकडे हलत नाही. फेब्रुवारीत मी घाण्याला उशीर झाला म्हणून तोंड वाकडं करायची. आता साडेपाचला ओल्या चकत्या पाहिल्या की शीळ घालावीशी वाटते.

पण अठरा घरांत क्रोशा कुठून आणणार? दुरुस्तीवाला म्हणतो, पत्र्याला भोकं पाडून झाकण करू, वर साधं धुळीचं फडकं. पण भोकं किती? मी कव्हरावर ताटली ठेवली आणि टाचणीने एकेक घर मोजायला बसले. आई खुर्चीतून बघत होत्या.

"एकशे बारा," त्या म्हणाल्या.

"थांबा आई, मोजू द्या."

मी दोनदा मोजली. एकशे बारा. मग घरांची रुंदी घेतली, क्षेत्रफळ काढलं, नकाशा काढला. पत्र्याची एवढी जागा उघडी, एवढी बंद. नकाशाखाली 'रचना' असं लिहून पुढे माझं नाव घालणार होते. पेन थांबलं. आधी आईंचं घातलं, मग माझं. त्यांना दाखवलं तर चष्मा लावून म्हणाल्या, "माझं नाव छापून येणार? मग अक्षर तरी बरं काढ."

२५ मार्च, मंगळवार

वेळ वाचवायला पाचवा घाणा काल रात्रीच लावला होता, सकाळी तोही पास. दुपारी आकडे कळवले आणि तासाभरात फोन आला. अठरा! अठराच्या अठरा! पुढच्या हंगामापर्यंत सगळा माल त्या घेणार. मी कॉलेजमधून पळत घरी आले, चप्पल तुटली ती हातात घेऊन आले. फाटकातूनच ओरडले. धाकटी कापत होती, तशीच सुरी घेऊन धावत बाहेर आली. आई म्हणाल्या, "आधी सुरी ठेव, मग मिठ्या मारा!"

मग तिघी व्हरांड्यात बसलो. धाकटीने कारखान्याचा फॉर्म आणला. फाडेल असं वाटलं, पण ती कसली कागद वाया घालवते! मागची बाजू कोरी होती, तिथे तिने अठरा घरांची नावं लिहिली आणि कोणाकडे पत्रा कधी न्यायचा त्याच्या तारखा घातल्या. बॅग पलंगाखाली परत गेली. तिच्यात आता चिठ्ठ्या आणि रिकाम्या बरण्या आहेत.

सरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, हा प्रयोग पुढच्या वर्षी मुलांना लावू. मी म्हटलं, चालेल, पण पुस्तकाच्या शेवटी उत्तर छापायचं नाही.

२६ मार्च, बुधवार

नळाला आज नेहमीसारखा जोर होता. कॉलेजमधून आले तर दोरीवर सगळी कव्हरं वाळत होती: टीव्हीचं, मिक्सरचं, फोनचं, बरण्यांच्या टोप्या. निळं नव्हतं. ते महाराणीवर होतं, खडीच्या धुळीने करडं झालेलं, आणि आई शेजारी बसून त्याच मापाचं दुसरं विणत होत्या.